दुतोंडी खांबांचं राज्य

एका जंगलाला हद्द होती, पण ती नेमकी कुठे होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पूर्वी तिथून ओढा वाहायचा. अलीकडे वज्रनख सिंहाचं राज्य, पलीकडे झिपराराणी अस्वलीचं. पुढे ओढा आटला. मग काय, मुलांनो? रोज भांडणं.

त्या कोरड्या ओढ्याकाठी पिंगळी नावाची भेकरी राहायची. अस्वलाची पिल्लं येऊन तिच्या दारातली मोहाची फुलं फस्त करायची आणि वर "हा आमचाच देश," म्हणायची. कंटाळून पिंगळी दरबारात गेली.

"महाराज, हद्दीवर एक खांब रोवा. साधा असला तरी चालेल."

"साधा?" सिंहाला ते लागलं. "देशाचा खांब, आणि साधा?"

लगेच टोचेश्वर सुतारपक्ष्याला बोलावणं गेलं. टोचेश्वर कलावंत होता. त्याने एकदा घुबडाच्या ढोलीची चौकट केली होती आणि तेव्हापासून तो त्याबद्दलच बोलत होता. त्याने सागाचा सरळ, गुळगुळीत खांब आणला.

"महाराज, या खांबात मौन आहे."

"असेल. पण यात मी कुठे आहे?"

टोचेश्वराने वर सिंहाचं तोंड कोरलं. आता ते कोणत्या बाजूला ठेवायचं? शत्रूकडे ठेवलं तर प्रजेला महाराजांची पाठ दिसणार. प्रजेकडे ठेवलं तर शत्रूला वाटणार, महाराज पळतायत. दरबारात यावर फार खोल चर्चा झाली. शेवटी दोन्हीकडे तोंडं कोरली. डोळ्यांना लाल गुंजा लावल्या. कुसळी गवताची आयाळ बसवली. लाखेचा रंग चढवला. आणि एकच कशाला, म्हणून तसेच आणखी खांब केले.

खांब तयार झाले तेव्हा महाराजांचे डोळे भरून आले.

"उद्याच हद्दीवर रोवतो," प्रधान मुंगूसपंत म्हणाले.

"त्या उघड्या रानात? पावसाने रंग उतरेल. अस्वलं पाठ घासतील. नको, नको. माझ्या गुहेभोवतीच रोवा. माझ्या डोळ्यांसमोर राहतील."

तसे रोवले. वर दवंडी पिटली, 'जिथे महाराजांचा खांब, तिथे महाराजांची हद्द!'

"आणि माझं दार?" पिंगळीने विचारलं.

"बाई, देश म्हणजे काय फक्त तुझं दार?" मुंगूसपंत म्हणाले.

दवंडी झिपराराणीनेही ऐकली. दुसऱ्या दिवशी ती पिल्लांना घेऊन निघाली आणि थेट गुहेसमोर येऊन खांबाशी थांबली.

"घाबरू नका महाराज. कायदा म्हणजे कायदा. याच्या पुढे मी नखसुद्धा टाकणार नाही."

सिंहाने डरकाळी फोडायला तोंड उघडलं. पण म्हणणार काय? आपलाच खांब खोटा म्हणणार?

"खांब उपटू या," मुंगूसपंत कुजबुजले.

"हद्दीचा खांब उपटणं म्हणजे युद्ध," झिपराराणी गोडपणे म्हणाली. तिच्यामागे तिची सगळी फौज उभी होती. तीही गोडच हसत होती.

सिंहाने तोंड मिटलं. मग त्याने हळूच विचारलं, "पण खांब कसे वाटले?"

"अप्रतिम! अशी हद्द मी कुठेच पाहिली नाही."

महाराज सुखावले.

दुपारी त्यांना तहान लागली. पाणवठा आता परदेशात होता. महाराज आयाळ झटकून खांबांबाहेर पडले, तर अस्वलाच्या पिल्लाने हटकलं, "ओ पाहुणे, रांगेत या!"

रांगेत पुढे पिंगळी उभी होती. आता ती झिपराराणीची प्रजा झाली होती. मोहाची फुलं अजूनही पिल्लंच खात होती, पण आता निदान भांडण उरलं नव्हतं. तिने मागे वळून बघितलं आणि पदर सावरल्यासारखे कान सावरले.

"अगंबाई, महाराज! आमच्या देशात पहिल्यांदाच आलात वाटतं?"

तात्पर्य : हद्दीचा खांब चुकूनही हद्दीवर रोवू नये. तिथे त्याला बघतंय कोण? देश आक्रसला तरी चालेल, मुलांनो. खांबाचा रंग उडता कामा नये.