शंभरावं फुलपाखरू

“गाडी हालावू नको रे भो, ठिपका मोजी ऱ्हायनू मी!” माझ्या शेजारी बसलेले मगनभाऊ मोबाइलमधून डोकं न काढता रिक्षावाल्यावर खेकसले.

फुलपाखराला स्वतःचं नाव ठाऊक नसतं. ती जबाबदारी समाजावर पडते. नंदुरबारात ती आमचं फुलपाखरू ओळख मंडळ व्हॉट्सअ‍ॅपवरून पार पाडतं. सभासद दोनशे चौदा. गेल्या महिन्यात जिवंत फुलपाखरू पाहिलेले तीन (एकाने ते हेल्मेटच्या काचेवर पाहिलं, म्हणून अडीच). नियम एकच: ‘ओळखता येत नाही’ असं लिहायचं नाही.

फोटो पाठवला फुलवंताबाईंनी. त्या वीस वर्षं मिरची वाळवायच्या मैदानावर, म्हणजे पथारीवर, देठ खुडतात. हजेरीवही सोडली तर त्यांचं नाव कुणी कुठे लिहिलेलं नाही. फोटोत वाळत्या मिरचीचा ढीग आणि मधोमध तांबूस पंख. हे बिबळ्या कडवा जातीचं फुलपाखरू असेल तर ते मंडळाच्या नव्व्याण्णवांच्या यादीत आहेच. पण हुबेहूब त्याचा वेश घेऊन फिरणारी छोट्या चांदव्याची मादी असेल, तर मंडळाची शंभरावी नोंद! आणि पुढे छापील अक्षरात: शोध, फुलवंताबाई.

मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके म्हणजे कडवा, वरच्या कडेला एकच म्हणजे चांदवा. शास्त्र इतकं सोपं आहे. मगनभाऊंना तीन दिसले. यास्मीनबाजींना एक. बाजी शिवणकाम करतात. “किनार देखो ना भाऊ, ऐसी गोट चांदवेकीच रहती!” दोन्ही पक्षांनी फोटो इतका मोठा केला की ठिपक्यांना ठिपके फुटले. शेवटी मतदान झालं. चांदवा एकाहत्तर, कडवा अडुसष्ट, सुप्रभात पंच्याहत्तर.

(एका टोकाला देठासारखं काहीतरी मलाही दिसत होतं. मी ती सोंड धरली.)

चार दिवस फुलवंताबाई गप्प. हा विनय आहे, असं सर्वानुमते ठरलं.

मंडळाने ठेवलेल्या त्यांच्या सत्काराला फोटोचा सहा फुटी फलक लागला. वाचकहो, ठिपके तीन की एक, यावर तुम्हीही एव्हाना मनात बाजू घेतलीच असेल. मंडळात तुमचं स्वागत आहे.

फुलवंताबाईंनी अंगावरची शाल एकदा हाताने चाचपली. मग तिची नीट घडी घालून मगनभाऊंच्या हाती दिली.

“मी बटन दाबं तवय ते उडी गयं व्हतं, भाऊ. या निस्त्या मिरच्या शेतस.”