गोलामागची शिट्टी

"या दोन जिल्ह्यांत वाघ पकडणारे मोप हायेत, पन माणूस पकडणारा एकच हाये," असं लहानू रामटेके त्या रविवारी सकाळी दात घासता घासता म्हणाले. तोंडात फेस असल्यामुळे वाक्याचा उत्तरार्ध नीट ऐकू आला नाही. म्हणून त्यांनी चूळ भरली आणि ते पुन्हा म्हटलं.

त्यांच्या आयुष्यातला तो शेवटचा पुरा दिवस होता. तसं कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांच्या बायकोने, गिरजाबाईंनी, त्यांना पोह्यांवरून बोलणी ऐकवली नसती.

लहानूभाऊ एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर लोक भाजी लावतात, देवळात किंवा विहारात जाऊन बसतात. लहानूभाऊ गुप्तहेर झाले. बिनतिकीट माणूस त्याच्या मानेवरून ओळखू येतो, हा त्यांच्या शास्त्राचा पाया. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर पाहतो. गुन्हेगाराचंही तसंच. फक्त खिडकी शोधायची असते. त्यांची लेक संघप्रिया चंद्रपूरला कॉलेजात शिकवायची आणि तिने जगभरच्या रहस्यकथा वाचल्या होत्या. लहानूभाऊंनी एकही वाचली नव्हती, त्यामुळे त्यांच्या पद्धतीवर कुणाचा प्रभाव नव्हता.

आजवरच्या प्रकरणांत दसरूची चोरीला गेलेली सायकल हे मोठं. लहानूभाऊंनी निम्म्या सिंदेवाहीवर संशय घेऊन झाल्यावर दसरूला आठवलं, की आपण सायकल नागभीडच्या स्टँडवर ठेवून बसने परत आलो. लहानूभाऊ हे प्रकरण 'सुटलेलं' धरत.

अनोळखी माणूस भेटला की ते हात पुढे करून म्हणत, "लहानू रामटेके. गुप्तहेर." आणि संघप्रिया सोबत असली तर मागून पुस्ती जोडायची, "एसटीत कंडक्टर होते. निवृत्त." तिला त्यांची लाज वाटायची असं नाही. समोरचा माणूस हसायच्या आत आपण खरं सांगून टाकावं, एवढंच.

त्या रविवारी गावात एकच विषय होता. आदल्या दिवशी तळ्याकाठची शाळा आणि स्टेशनाजवळची शाळा यांच्यातला वार्षिक फुटबॉलचा सामना झाला होता. या सामन्याच्या दिवशी गावात लग्नं धरत नाहीत. बरोबरीत शेवटची मिनिटं चालली होती. तळेवाल्यांचा प्रफुल्ल चेंडू घेऊन सगळ्यांना चकवत गोलीसमोर पोचला आणि शिट्टी वाजली. प्रफुल्ल थांबला. तळेवाले सगळेच थांबले. पण पंच धनराज सर हात हलवून ओरडले, "खेळा, खेळा! मी नाई वाजवली!" स्टेशनवाल्यांच्या गोलीने तेवढं ऐकलं, चेंडू लांब मारला, आणि तळेवाले पुतळ्यासारखे उभे असताना पलीकडे गोल झाला. स्टेशनवाले जिंकले.

सोनीबाईच्या चहाच्या टपरीवर सकाळपासून दोन्ही बाजूंचे पाठीराखे बसले होते. दसरू तळेवाला, इसरू स्टेशनवाला. दोघांची शेतं लागून, बांध एक, भांडण वर्षाला एक.

"शिट्टी वाजवाची अन् मंग म्हनाचं वाजवली नाई," दसरू म्हणाला. "अशानं तं मी बी म्हनन, मी चहा पेलाच नाई."

"तू तसंही म्हन्तेस," सोनीबाई म्हणाली.

"शिट्टी आयकून तुमचे पोट्टे थांबले काऊन?" इसरू म्हणाला. "आमच्या गोलीनं बी आयकली. थो थांबला का?"

"आमचे पोट्टे शिस्तीचे हायेत."

"मंग शिस्तीत हारले."

दसरूने पेला आपटला. "धनराज मास्तरची सासुरवाडी कुठी हाये, मले सांग. स्टेशनाजवळ!"

"अरे, सासऱ्याशी त्याचं बोलनं नाई. धान विकल्याच्या भांडनापासून नाई."

"चोरून बोलत असन."

तेवढ्यात धनराज सर स्वतःच चहाला आले. सरांनी चहा मागितला, सोनीबाईने दिला, पण बाकावर त्यांना कुणी सरकून जागा दिली नाही. ते उभ्यानेच प्याले आणि जाताना कुणाकडेही न पाहता म्हणाले, "पुढच्या वर्षी दुसरा पंच पाहा. भेटला तर."

"भेटलाच नाई तं सामनाच नको," दसरू त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणाला. यावर पहिल्यांदाच इसरू काही बोलला नाही. सामना नाही तर वर्षभर भांडायचं कशावर, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं असावं.

इथे लहानूभाऊ उठून उभे राहिले. ते स्वतः तळ्याकाठच्या शाळेचे विद्यार्थी होते आणि रात्रभर झोपले नव्हते.

"हे प्रकरन मी हाती घेतलं," ते म्हणाले. "मी या घटनेचा सगळ्यात जवळचा साक्षीदार हाये. मी गोलामागंच उभा होतो. शिट्टी माह्या कानापाशीच वाजली."

"मंग कोनं वाजवली?" इसरूने विचारलं.

"तेच तं शोधाचं हाये," लहानूभाऊ म्हणाले.

त्यांच्या शर्टाच्या खिशात तपासाची सामग्री कायम असे: एक भिंग, सेल नसलेली टॉर्च आणि नोकरीतली जुनी शिट्टी, गुन्हेगार पळाला तर वाजवायला. संघप्रियाला त्यांनी सोबत घेतलं. ती दोन दिवसांसाठीच आली होती आणि तिच्याकडे तपासायचे पेपर होते. तरी ती गेली. बाप चालताना हल्ली मध्येच थांबायचा आणि कुठल्या तरी झाडाकडे पाहत असल्याचं दाखवायचा, हे तिने कालच पाहिलं होतं.

पहिला संशयित अर्थातच धनराज सर. ते घरी अंगणात बसले होते. लहानूभाऊंनी त्यांची शिट्टी मागून घेतली, भिंगातून पाहिली, शर्टाला पुसून वाजवली. बारीक, चिरका आवाज निघाला.

"कालची शिट्टी घोगरी होती," लहानूभाऊ म्हणाले. "तिच्यात गोटी होती. ही ते नोहे."

सरांच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा थोडा जीव आला. "तेच तं मी सांगून राह्यलो, भाऊ!"

"म्हनजे," लहानूभाऊ लेकीकडे वळले, "याच्यापाशी दुसरी शिट्टी हाये."

सरांच्या चेहऱ्यावरचा जीव परत गेला. ते कुंपणापलीकडे पाहू लागले.

"खिडकी," लहानूभाऊ बाहेर पडल्यावर हळूच म्हणाले. "पाह्यलं ना?"

दुसरा संशयित कुलदीप. जंगलात वाघ दिसला तर शिट्टी वाजवून गावाला सावध करायचं काम त्याच्याकडे होतं.

"काका, मैदानात वाघ आला असता," कुलदीप म्हणाला, "तं शिट्टी वाजवून मी तुमच्यापाशी उभा राह्यलो असतो का?"

"म्हनजे तू वाजवून पळाला."

"वाघ होता का पन तिथी?"

लहानूभाऊंनी विचार केला. "थो दबून बसला असन," ते म्हणाले. पण तळेवाल्यांच्या पराभवात वाघाला काय रस, हा प्रश्न त्यांना सोडवता आला नाही आणि त्यांनी कुलदीपला तूर्त सोडलं.

तिसरा संशयित मैदानाच्या कडेच्या सागवानावर बसणारा, लांब शेपटीचा काळा कोतवाल. हा पक्षी ऐकेल त्याची हुबेहूब नक्कल करतो. बकरीची, मोटारसायकलची, दसरूच्या खोकल्याची. लहानूभाऊ झाडाखाली बराच वेळ मान वर करून उभे राहिले. कोतवालाने एकदा खाली पाहिलं, मान फिरवली आणि तो जंगलाच्या दिशेने पाहत राहिला.

"साक्षीदार फितूर झाला," लहानूभाऊ म्हणाले.

"बाबा, बसा थोडं."

"बसून तपास होते का?" असं म्हणून ते बसले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "आपल्या वेळची शाळा हाये थे. मले तिथून काढून टाकलं असतं गणितासाठी. खेळत होतो म्हनून ठेवलं. गोल अजून एकबी मारला नाई मी. पन काल त्या प्रफुल्लच्या पायात चेंडू होता ना, तं मले वाटलं माह्याच पायात हाये." त्यांनी टॉर्च खिशातून काढली, पेटत नाही हे पाहिलं, परत ठेवली. "ज्यानं थे शिट्टी वाजवली, त्याले मी सोडनार नाई."

मैदानाला लागून मोकळं शेत होतं. थंडी सुरू झाली होती, म्हणजे नाटकांचा हंगाम. वडशाहून नाटक कंपनीचा ट्रक आदल्या दिवशी दुपारीच रंगमंचाचं सामान घेऊन आला होता. ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत पाय पसरून बसला होता.

"तू काल सामन्याच्या टायमाले कुठी होता?" लहानूभाऊंनी विचारलं.

"कुठी म्हनजे? गाडी मागं घेऊन राह्यलो होतो. इथंच, त्या गोलाच्या मागून. जागा अशी अरुंद, का घाम फुटला."

"काही आयकलं?"

"कोनीतरी मागून इशारा देत होता ना, त्याचंच आयकत होतो. आरशात काही दिसे नाई. पन माणूस पक्का होता भाऊ. छोट्या छोट्या शिट्ट्या, ये ये ये, अन् मंग एक लांब. थांब! एक वीत बी इकडं तिकडं झाली नाई. पाह्यलं तं गायब. धन्यवाद म्हनाचं राहून गेलं."

लहानूभाऊंनी विजयी मुद्रेने लेकीकडे पाहिलं. "गुन्हेगार अनुभवी हाये," ते म्हणाले. "गाड्यांतला माणूस. आता असा माणूस गावात कोन हाये, एवढंच पाहाचं."

संघप्रियाची नजर त्यांच्या खिशाकडे गेली.

त्याच वेळी संध्याकाळच्या प्रयोगाच्या खुर्च्या घेऊन एक ट्रॅक्टर आला आणि त्याच अरुंद जागेत मागे येऊ लागला. लहानूभाऊ बोलत होते. "अशा माणसाले जाळ्यात कसं पकडाचं," ते म्हणाले, आणि बोलता बोलता वळले, ट्रॉलीच्या मागे जाऊन उभे राहिले, डावा हात वर केला, उजव्या हाताने खिशातून शिट्टी काढली आणि वाजवली. छोटी, छोटी, छोटी. ट्रॉली बरोबर कडेला आली. मग एक लांब. घोगरी.

पलीकडे मैदानात पोरं फुटबॉल खेळत होती. ती सगळीच्या सगळी जागच्या जागी थांबली. एकाचा पाय चेंडूवर होता, तो तसाच राहिला.

लहानूभाऊंनी शिट्टी खिशात ठेवली आणि परत येऊन वाक्य पुढे चालू केलं. "तं जाळं असं टाकाचं, का..." मग त्यांचं लक्ष मैदानाकडे गेलं. त्यांनी भुवया उंचावल्या.

"पाह्यलं का, संघू? पोट्टे कसे थांबले? या मैदानात काहीतरी हाये, जे या पोट्ट्यायले थांबवते."

ड्रायव्हर उठून उभा राहिला होता. त्याने लहानूभाऊंकडे पाहिलं, मग संघप्रियाकडे. संघप्रियाने मान अगदी थोडी हलवली. नाही म्हणून. ड्रायव्हर पुन्हा खाली बसला आणि दूर जंगलाकडे पाहू लागला.

संध्याकाळी घरी लहानूभाऊ फार खुशीत होते. गिरजाबाईंनी भाजीत मीठ कमी टाकलं होतं तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"उद्या सकाळी सोनीबाईच्या टपरीवर नाव जाहीर करतो," ते म्हणाले.

"कोनाचं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"थे उद्या सकाळी समजन."

"तुमाले समजन का आमाले?"

संघप्रिया ताट पुढ्यात घेऊन बसली होती. वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. धनराज सर उभ्याने चहा पिताना तिला दिसत होते, आणि सागाखाली बसलेला, चेंडू आपल्याच पायात आहे असं वाटणारा बापही दिसत होता. तिने ठरवलं, सकाळी सांगू. टपरीवर जायच्या आधी. वाटेत, हळूच.

"संघू," लहानूभाऊ झोपायला जाताना म्हणाले, "उद्या माही ओळख तू करून देजो. अन् थे कंडक्टर-बिंडक्टर नोको म्हनू. नुसतं गुप्तहेर म्हन. एक डाव."

"बघू, बाबा," ती म्हणाली.

सकाळी ते अंगणातल्या खुर्चीवर बसलेले सापडले. दाढी केलेली, बूट घातलेले, खिसा भरलेला. गिरजाबाईंनी दोनदा हाक मारली, आणि तिसऱ्यांदा मारली नाही.

लहानूभाऊंच्या जलदान विधीच्या, म्हणजे दिवसकार्याच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. भंतेजींनी सुत्तपठण केलं, वंदना झाली. मग लोक बोलायला उठले. सरळ माणूस, कुणाचे सुट्टे पैसे कधी ठेवून घेतले नाहीत, वगैरे. तळेवाले एका बाजूला बसले होते, स्टेशनवाले दुसऱ्या बाजूला. मुद्दाम नव्हे, सवयीने. धनराज सर आले ते फाटकापाशीच उभे राहिले. त्यांना कुणी आत बोलावलं नाही.

"नाव सांगून गेला असता तं बरं झालं असतं," दसरू हळू आवाजात म्हणाला. "सगळं त्याच्यासोबत गेलं."

"नाव कोनाचं निघालं असतं, मालूम हाये," इसरू म्हणाला आणि त्यानेही फाटकाकडे पाहिलं. या मुद्द्यावर दोघांचं एकमत होताना गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

एवढ्यात भाड्याची भांडी न्यायला आलेला टेम्पो गल्लीतून मागे येऊ लागला. गल्ली अरुंद. थोडा आला आणि थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून मागे पाहिलं. बोलणारा माणूस बोलायचा थांबला. अंगणातल्या सगळ्यांच्या माना, तळेवाले असोत की स्टेशनवाले, गल्लीच्या कोपऱ्याकडे वळल्या, जिथे एरवी एक माणूस डावा हात वर करून उभा असे. तिथे कुणी नव्हतं. शिट्टी वाजली नाही. टेम्पो अंदाजाने आणखी थोडा मागे आला आणि गिरजाबाईंच्या मोगऱ्याची कुंडी कलंडली.

दसरूने हळूच इसरूकडे पाहिलं.

संघप्रिया उठली. तिने फाटकापाशी जाऊन धनराज सरांना हाताला धरून आत आणलं आणि पहिल्या रांगेत, तळेवाले आणि स्टेशनवाले यांच्या मधल्या खुर्चीवर बसवलं. मग ती फोटोशेजारी उभी राहिली. फोटोपुढे भिंग, टॉर्च आणि शिट्टी मांडलेली होती. तिने शिट्टी उचलली.

"लहानू रामटेके," ती म्हणाली. "गुप्तहेर."

लोक पुढचं ऐकायला थांबले. ती पुढचं नेहमीचं बोलली नाही.

"त्या सामन्याचा तपास त्यांनी केला. सरांची काही चूक नाही. शिट्टी माझ्या बाबांनी वाजवली."