मोकळी हवा कक्षाचा प्रमुख

गेल्या वर्षी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, ही गोष्ट आमच्या घरात सर्वांत शेवटी मला कळली. मुलीनं जेवताना ताटावर चमचा वाजवला म्हणून मी तिच्यावर असा ओरडलो, की तेव्हापासून ती ताट घेऊन आपल्या खोलीत जेवू लागली. पुढच्या आठवड्यात कार्यालयाच्या लिफ्टमध्ये मी विनाकारण चार मजले रडलो. पाचव्यावर लोक आत आले म्हणून आवरतं घेतलं. मग बायकोनं मला डॉक्टरांकडे नेलं.

"शेवटचे उन्हात कधी बसला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"रेकॉर्ड बघून सांगावं लागेल," मी म्हणालो.

"रोज अर्धा तास बाहेर बसा. झाडाखाली, आकाशाखाली, कुठेही. मनाला फार बरं असतं ते. नाहीच जमलं तर गोळ्या आहेतच."

आमच्या कार्यालयासमोरच एक झाड आहे आणि त्याखाली बाक. शहाणा माणूस दुपारी पायऱ्या उतरून गुपचूप जाऊन बसला असता. मी अर्ज केला. एकोणीस वर्षं नोकरी झाल्यावर मला अर्जाशिवाय शिंकसुद्धा येत नाही.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "तुम्हाला परवानगी दिली तर उद्या सगळे मागतील."

"मग राहू द्या, साहेब."

"राहू द्या कसं? मनःस्वास्थ्य महत्त्वाचं आहे, तसं वरून पत्रच आलंय. सगळ्यांनाच देऊ. नियम तुम्ही करा."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. उन्हात बसण्यापेक्षा उन्हात बसण्याचे नियम करणं मला जास्त जमतं. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून पडदा ओढून घेतला आणि तीन आठवडे लिहीत बसलो. 'बाहेर' या शब्दाची व्याख्याच सहा ओळींची झाली. व्हरांडा 'अंशतः बाहेर' धरावा. आकाश किमान एक तृतीयांश दिसावं. ढग आल्यास तेही आकाशच समजावं.

"अहो, पण तुम्ही स्वतः बसलात का एकदा तरी?" बायकोनं विचारलं.

"आधी नियम मंजूर होऊ देत."

"डॉक्टरांनी तुम्हाला बसायला सांगितलं होतं, अख्ख्या कार्यालयाला बसवायला नाही."

बायकांना प्रक्रिया कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणण्याइतकं डोकं फिरलेलं नव्हतं.

योजना सुरू झाली. बाकावर माणसं तीन मावतात आणि कर्मचारी बहात्तर, म्हणून पाळ्या लावल्या. पाळी चुकवणाऱ्याकडून लेखी खुलासा घेतला. बसून फायदा झाला की नाही हे कळायला हवं, म्हणून फॉर्म काढला : बसण्यापूर्वीची मनःस्थिती आणि बसल्यानंतरची मनःस्थिती, दहापैकी गुण द्यावेत. लोक वीस मिनिटं फॉर्म भरत आणि उरलेली दहा एकमेकांकडे पेन मागत.

टायपिस्ट बाईंनी आधीचे आठ आणि नंतरचे तीन लिहिले. मी त्यांना बोलावून घेतलं.

"बाई, अर्ध्या तासात पाच गुण गेले कुठे?"

"तुमच्या फॉर्ममध्ये."

हे उत्तर नमुन्यात बसत नसल्यानं त्यांना ताकीद दिली. त्या दिवसापासून सगळ्यांनाच बाहेर नऊ वाटू लागलं. शिपायानं तर महिन्याभराचे नऊ एकदमच भरून ठेवले.

लोक खरोखर बसतात का, हे बघायला तळमजल्यावर 'मोकळी हवा कक्ष' उघडला. त्याची एकुलती एक खिडकी बाकाकडे होती. वाऱ्यानं फॉर्म उडतात म्हणून ती खिळे ठोकून बंद केली. कक्षप्रमुख मी. प्रमुखानं कक्ष सोडू नये, हा बारावा नियम, आणि तोही माझ्याच हातचा. माझी पाळी आली तेव्हा मी कक्षप्रमुखाकडे रीतसर अर्ज केला. बदली माणूस नसल्यामुळे कक्षप्रमुखानं तो फेटाळला. फेटाळल्याचं पत्र मी मला दिलं आणि माझी पोच घेतली.

वर्षअखेर आमच्या कार्यालयाला मनःस्वास्थ्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ते नीट वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

मग एका रविवारी मुलगी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "बाबा, मैदानात जाऊ या का थोडा वेळ?" तिनं बराच वेळ हिंमत गोळा केली असावी, कारण आत काही ती आली नाही.

आम्ही गेलो. गवतावर बसलो. पाठीवर कोवळं ऊन आलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं. डॉक्टर खरं बोलत होते. मुलगी गवताची काडी सोलत हळूहळू बोलू लागली. मैत्रिणीनं बोलणं टाकलंय. मधल्या सुट्टीत ती एकटीच जिन्याखाली बसते. आईलासुद्धा सांगितलेलं नाही. मी ऐकत होतो. माझ्या लेकीनं मला पुन्हा आपलं म्हटलं होतं.

"एक मिनिट हं," मी म्हणालो. "आपण किती वाजता बसलो?"

"का?"

"नोंद राहिली." मी खिशातून फॉर्म काढला. "साक्षीदार म्हणून इथे सही कर."

तिनं सही केली आणि कपडे झटकत उठली.

"मग? पुढे काय झालं मैत्रिणीचं?"

"काही नाही, बाबा. चला घरी."

मी फॉर्मवर नऊ लिहिले.

हसताय ना? हसा. पण परवा तुमचं ते पावलं मोजणारं घड्याळ चार्जिंगला होतं, आणि 'आज नको, मोजली जायची नाहीत' म्हणून तुम्ही घरीच बसलात, तेव्हा चप्पल घालून दारात तुमची वाट बघत कोण उभं होतं?