दिवस मिटवणारे विजयकर सर

विजयकर सर कुठल्याही कॉम्प्युटरला हात लावण्याआधी बूट काढतात. आमच्या परळच्या ऑफिसात पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, टेबलामागे गणपती बसवला असावा. तसं काही नाही. सर नोकरीला लागले तेव्हा कॉम्प्युटर एकच होता. तो एसीच्या खोलीत राहायचा, खाली गालिचा असायचा आणि त्याच्याकडे जाताना पादत्राणं बाहेर ठेवावी लागत. पुढे गालिचा गेला, खोली गेली, कॉम्प्युटर चपटा होऊन ज्याच्या त्याच्या टेबलावर आला. सरांची सवय तेवढी राहिली. त्यामुळे त्यांचे मोजे कायम धुतलेले आणि धड असतात. ज्याचे मोजे फाटके त्याचा प्रोग्रॅम फाटका, असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले आणि माझ्या सँडलकडे बघत राहिले.

मी आमच्या ट्रस्टची आयटी प्रमुख. विभागात माणसं दोनच, मी आणि माझ्या वडिलांपेक्षाही मोठे सर. आमची धर्मादाय संस्था गरजूंना औषधं देते, मुलांना शिष्यवृत्त्या देते, वाचनालय चालवते आणि तळमजल्याचं सभागृह लग्नामुंजींना भाड्याने देते. प्रत्येक विभागाचा डेटाबेस वेगळा, आणि ते सगळे सरांनी वेगवेगळ्या काळात एकहाती लिहिलेले. सर त्यांना बिऱ्हाडं म्हणतात. बिऱ्हाडं इतकी सोवळी की शेजारी कोण राहतं हेही कुणाला ठाऊक नाही. एकदा वाचनालयाने सभागृहात 'वार्धक्यातील आहार' या विषयावर व्याख्यान ठेवलं आणि सभागृह विभागाने त्याच संध्याकाळी तेच सभागृह एका लग्नाच्या स्वागत समारंभाला दिलं. वक्ते आले, माइक दिसला, बोलले. वरपक्षाला ते मुलीकडचे वाटले, मुलीकडच्यांना वराकडचे. दोन्हीकडच्यांनी आग्रह करकरून वाढलं आणि श्रीफळ देऊन गाडीत बसवलं.

त्यानंतर विश्वस्तांनी ठरवलं की सगळी बिऱ्हाडं एका छपराखाली आणायची. त्यासाठी कुठलं तंत्रज्ञान घ्यायचं ते सरांनी आणि मी निवडायचं. यातली गोम सगळ्या ऑफिसला कळत होती. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ही बिऱ्हाडं दुसऱ्या कुणाला उमगत नाहीत, म्हणून तर त्यांना ठेवून घेतलेलं. नवी व्यवस्था आली की सरांना शाल, नारळ आणि गिरगावातलं घर. त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे स्वतःच्या निरोपाचा हार माणसाने स्वतःच पसंत करून आणायचा, असा तो प्रकार होता.

सरांचा दिवस खरा सुरू व्हायचा तो संध्याकाळी. ऑफिस सुटायच्या सुमारास ते 'दिवस मिटवायला' निघत, बँकेत दिवसअखेर व्यवहार बंद करून डे-एंड करतात तसं. प्रत्येक विभागात जायचं, बूट काढायचे आणि 'दिवस मिटवा' असं लिहिलेलं बटण दाबायचं. मग पडद्यावर एक हिरवी पट्टी रडतखडत पुढे सरकायची. ती भरेपर्यंत सर तिथेच बसत, चहा घेत, कुणाच्या मुलाची दहावी, कुणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं कान देऊन ऐकत. पट्टी भरली की 'दिवस मिटला. आभार.' अशी अक्षरं उमटत आणि सर पुढच्या टेबलाकडे जात. त्या पट्टीने माझं डोकं उठायचं. एवढ्याशा माहितीला इतका वेळ लागतोच कसा? मी एकदा विचारलं, जरा जलद करून देऊ का. घाईत मिटवलेला दिवस उसवतो, असं उत्तर मिळालं. मी कपाळाला हात लावला.

कंपन्या येऊ लागल्या. सर आधी सगळ्यांना बूट काढायला लावत, त्यामुळे निम्म्यांचा आत्मविश्वास दारातच गळून पडे. सादरीकरण संपेपर्यंत सर डोळे मिटून बसत आणि मग एकच विचारत, "ते सगळं ठीक. पण मोरीचं काय?" मोरी म्हणजे, चुकून झालेली नोंद कुठून वाहून जाते आणि ती कुणी सोडली हे मागाहून कळतं की नाही. हे मला माहीत होतं. गुडगावहून आलेल्या सुटातल्या माणसाला नव्हतं. त्याने ते गंभीरपणे लिहून घेतलं आणि पुढच्या आवृत्तीत नक्की देऊ, असं सांगून टाकलं.

सगळं क्लाउडवर ठेवा म्हणणाऱ्याला सर म्हणाले, ही भाड्याची जागा. मालक उद्या खाली करा म्हणाला, तर भांडीकुंडी बाहेर नेऊ देणार का? त्याला ते विचारून सांगावं लागणार होतं. बड्या कंपनीचं अवाढव्य पॅकेज बघून म्हणाले, राजवाडा आहे, पण झाडायला कोण येणार? मला मनातून फुकटचं ओपन सोर्स घेऊन सगळं घरीच बांधायचं होतं. त्यावर सर म्हणाले, "जागा फुकट, पण नळ गळला की प्लंबर तूच. आणि तू लग्न करून कॅनडाला गेलीस तर?" मी जाम चिडले, कारण घरी काळाचौकीला तेव्हा खरोखरच कॅनडाचं स्थळ आलेलं होतं.

एकेकाला नापास करत महिने गेले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. सर मुद्दाम खोडे घालतायत का? घालत असले तरी त्यांना तसं विचारणं माझ्याने झालं नसतं.

मग दादरची एक छोटी कंपनी आली. त्यांची इंजिनियर सानिका. मोरीचा प्रश्न तिला समजावून सांगितल्यावर तिने लगेच पडद्यावर मोरी दाखवली. कुणी काय पुसलं, कधी पुसलं, परत कसं आणायचं, सगळं. सरांनी डोळे उघडले.

"आणि उद्या तुम्ही नसलात तर?"

"तर काही अडणार नाही, सर. माहिती साध्या तक्त्यांत केव्हाही बाहेर काढता येते. नवे फॉर्म तुमची माणसंच बनवतील. हे चालायला कुणाचीच गरज लागू नये, असंच बनवलंय."

 सर चांगलं आहे म्हणाले आणि बूट घालायला वाकले.

चाचणीसाठी सानिकाने जुनी बिऱ्हाडं उघडली. दुपारी ती मला हळूच विचारायला आली की हे दिवस मिटवायचं बटण काय करतं. तिने आतलं सगळं वाचलं होतं. बटण काहीच करत नव्हतं. काही साठवत नव्हतं, काही तपासत नव्हतं. नुसती पट्टी सावकाश सरकवत होतं आणि शेवटी आभार मानत होतं. मला आधी फिसकन हसू आलं. मग त्या पट्टीसमोर चहा घेत बसलेले सर आठवले.

औषध विभागातल्या परब बाई लालबागच्या, ऑफिसात सगळ्यांत जुन्या. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. बाईंनी औषधांच्या पाकिटावरून नजरही उचलली नाही.

"आमका सगळ्यांका म्हायती आसा गो," बाई म्हणाल्या.

सरांची बायको गेली त्या वर्षी ते बटण आलं. पुढे एकदा सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते, तेव्हा कुणी ते दाबलं नाही आणि काहीही अडलं नाही. सर परतल्यावर मात्र प्रत्येक टेबलाने त्यांना सांगितलं की साहेब, तुमच्यावाचून सगळं तुंबलं होतं. बाई हे सांगत असताना मला रडू येत होतं आणि इतकी वर्षं एकट्या मलाच कसं कळलं नाही याचा रागही येत होता.

"त्येंका सांगू नको हां," बाईंनी मला बजावलं.

मी नाही सांगितलं. सानिकाला मात्र सांगून नव्या व्यवस्थेत तसंच बटण घालून घेतलं, सावकाश पट्टीसकट. तिने एका शब्दाने का म्हणून विचारलं नाही.

शेवटच्या तपासणीला सर एकेक पडदा बघत पुढे गेले आणि त्या बटणापाशी थांबले. माउसवरचा हात काढून घेतला.

"हे कुणी सांगितलं?"

मी पुटपुटले की जुन्यात होतं, म्हणून. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

"ते काही काम करत नाही," ते शांतपणे म्हणाले. "काम न करणारी वस्तू नव्या घरात नेऊ नये. काढून टाक."

आणि शिफारशीच्या कागदावर त्यांनी सही केली.  

नव्या व्यवस्थेचा पहिला दिवस इतका सुरळीत गेला की मला त्याचा संताप आला. काही म्हणजे काही बिघडलं नाही. ऑफिस सुटायची वेळ झाली. सर आपल्या टेबलापाशी बसून चष्मा पुसत होते, पुसून झालेला पुन्हा पुसत होते. मी कपाटात उगाच काहीतरी शोधत राहिले.

जिन्यात पावलं वाजली. आमच्या मजल्यापर्यंत लिफ्ट येत नाही. परब बाई कमरेवर हात ठेवून धापा टाकत दारात उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून वाचनालयवाले आणि सभागृहवाले चढून येत होते.

"साहेब, आज खाली आलात नाय ते?"

"आता बटण नाही, परब बाई."

"नसू दे," बाई म्हणाल्या. "तेव्हा तरी ते कुठे काय करत होतं?"

 सर उठले, आपलीच खुर्ची पंख्याखाली ओढली आणि बाईंना बसायला दिली.