न उलटलेली बरणी

आमचे शेजारी बाळभाई कुणाकडेही चहाला गेले की आधी कप तिरका करून त्याचं बूड बघायचे. कप भरलेला असला तरी. आमच्या सोफ्यावरचे दोन डाग त्यांचेच. एकदा सत्यनारायणाला त्यांनी तीर्थाचं भांडं उचललं, तेव्हा भटजींनीच त्यांचा हात धरला.

"तोंड सगळ्यांचंच गोड असतं हो," ते म्हणायचे. "खरं काय ते बुडाशी."

त्यांच्या पणजोबांच्या वेळी ठाकूरद्वारच्या घरात म्हणे चिनी मातीची भांडी कपाटं भरून होती. वाटण्यांमध्ये ती सगळी गेली आणि बाळभाईंकडे नुसती पारख उरली. फोर्टात जुन्या वस्तूंचा लिलाव असला की ते इस्त्रीचा सदरा घालून आदल्या दिवशी मांडलेला माल बघायला जात. विकत काही घेत नसत. मी एकदाच सोबत गेलो आणि पस्तावलो. निळ्या नक्षीची एक फुलदाणी होती, पाटीवर 'दोनशे वर्षं जुनी' असं लिहिलेलं. बाळभाईंनी ती उलटी केली, बुडाच्या कडेवरून ओलं बोट फिरवलं आणि हुंगलं.

"चहा!" ते सगळ्यांसमोर म्हणाले. "जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलीय. आणि हे चरे बघा, सगळे एकाच दिशेला. वापरातलं भांडं वेडंवाकडं झिजतं. हे पॉलिशपेपरनं घासलंय."

फुलदाणी लिलावातून काढली. बाळभाईंनाही पुन्हा आत सोडलं नाही.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात, कपाटावर, एक चिनी बरणी होती. सुमनवहिनींच्या वडिलांनी ती 'अस्सल जुनी' म्हणून लग्नात रुखवतावर मांडली होती. बाळभाई मुंडावळ्यांसकट ती उलटी करायला वाकले, तेवढ्यात नव्या नवरीचा चेहरा उतरलेला त्यांना दिसला. त्यांनी हात मागे घेतला, तो कायमचाच. बरणी पुसायच्या त्या वहिनीच. आम्ही चिडवायचो, "सासऱ्यांना घाबरता, भाई!" ते नुसते हसायचे.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. मग इमारत पाडायचं ठरलं. मी त्यांचं सामान बांधायला गेलो, तेव्हा बरणीवर धुळीचा थर होता. मी ती उचलली आणि त्यांच्याच सवयीनं उलटी करायला लागलो.

"सरळ धर!" बाळभाई ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मग ते पलंगावर बसले. "शेवटी शेवटी तिनं विचारलं, 'माझ्या बाबांची बरणी खरी आहे ना हो?' मी म्हटलं, खरी. त्यानंतर ती बोललीच नाही."

"मग बघू या की, भाई. खरीच असेल."

"आणि नसली तर?" ते म्हणाले. "माझं तिच्याशी शेवटचं बोलणं खोटं ठरेल रे."

वहिनींच्या जुन्या पातळात मी ती गुंडाळून दिली. टॅक्सीत ते ती मांडीवर घेऊन बसले, एक हात बुडाखाली घट्ट धरून.

आता ते नायगावला भाड्यानं राहतात, मी दादरला. परवा आले. मी कप काठोकाठ भरून दिला. त्यांनी तो सरळ तोंडाला लावला, प्यायले आणि खाली ठेवला. सोफ्यावर आणखी एक डाग पडला असता तर मला चालला असता.