शिसं प्यालेले दाणे

संशोधकबुवांनी स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडलं. बरणी जागेवर होती, पण रिकामी.

त्या बरणीत त्यांचे दाणे होते. मोहरीएवढे काळे दाणे, आणि प्रत्येकाला डोळ्यांना न दिसणारी लाखो भोकं. पाण्यातलं शिसं त्या भोकांत शिरायचं आणि अडकून बसायचं. बरणीतले दाणे महिनाभर प्रयोगशाळेत शिसं पीत होते. तिथलं कपाट दमट, आणि वजन करेपर्यंत ते कोरडे राहायला हवेत, म्हणून शुक्रवारी या शहाण्याने ते घरी आणले. बरणीवर ना चिठ्ठी, ना खूण.

"सासूबाई, यातलं कुठं गेलं?"

"पिंपात टाकलं की. काल सकाळीच, फडक्यात बांधून."

"प्यायच्या पिंपात?"

"मग काय कपड्यांच्या बादलीत टाकू? पाण्यातलं विष ओढून घेतात, हे दोन वर्षं जेवताना तुम्हीच सांगताय. म्हटलं, घरात आणलेच आहेत तर घरच्यांचंही भलं होऊ दे."

बुवांनी ओट्याची कड धरली. काल लेक खेळून आली ती तीन पेले घटाघट प्यायली होती. पाच वर्षांची पोर. शिसं लहान मुलांच्या मेंदूला काय करतं, हे बुवांनी अनुदानाच्या आपल्या प्रत्येक अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

"झालंय काय?" बायको आत आली.

"त्या दाण्यांत शिसं आहे."

"किती?"

"भरपूर."

बायको मटकन खुर्चीत बसली. सासूबाई मात्र होत्या तशाच उभ्या.

"पण एकदा आत गेलं की बाहेर येत नाही, असं तुम्हीच म्हणता ना?"

"म्हणतो."

"मग घाबरता कशाला, जावईबापू?"

मागच्याच महिन्यात शंभर विद्वानांपुढे बुवांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, की यातून एक कणही सुटत नाही. पण ते पाणी तेव्हा स्वतःची लेक पीत नव्हती. विद्वानांपुढे बोलायला काय जातं.

त्यांनी पिंपातलं पाणी एका बाटलीत भरलं, तुलनेसाठी दुसरी बाटली नळाखाली धरली, दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग पिंप मोरीत रिकामं केलं आणि दाण्यांची पुरचुंडी पिशवीत टाकली.

"आता फक्त नळाचं पाणी. दर अर्ध्या तासाला तिला एक पेला पाज. रडली तरी पाज. पोट धुऊन निघू दे," असं बायकोला बजावून ते जे सुटले ते प्रयोगशाळेतच थांबले.

सुट्टीच्या दिवशी बोलावलं म्हणून तपासनीसबाई आधीच तडकल्या होत्या. पण बुवांचा चेहरा पाहून त्या मुकाट्याने यंत्रापाशी बसल्या. यंत्र गुरगुरत राहिलं. बुवा येरझाऱ्या घालत राहिले. देवाला कधी हाक मारली नव्हती. आज मारायची तर ओळख कुठून काढायची, हेही कळेना.

"एका बाटलीत शिसं नावालाही नाही," बाई म्हणाल्या. "दुसरीत मर्यादेच्या चौपट."

"चौपट. पोर कालपासून तेच पितेय, बाई. मीच मारलं तिला."

"पिंपातलं पाणी पितेय ना?"

"हो."

"मग मारताय कशाला? पिंपाचं पाणी स्वच्छ आहे. चौपट निघालंय ते नळाचं."

"चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल."

"अक्षर तुमचंच आहे. मी दोनदा तपासलंय." बाईंनी चष्मा काढला. "इमारत जुनी आहे का? मग नळ्या शिशाच्या असणार. तुमच्या दाण्यांची तहान अजून भागलेली नव्हती, एवढंच. अभिनंदन. आणि पोरीचं रक्त आजच तपासून घ्या."

अभिनंदन बुवांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. त्या घरात ते सहा वर्षं राहत होते. लेकीच्या उभ्या आयुष्यात तिला एकच दिवस शुद्ध पाणी मिळालं होतं, तो कालचा. आणि आज सकाळी तिच्या बापाने ते स्वतःच्या हाताने मोरीत ओतलं होतं. त्यांनी घाईघाईने फोन लावला.

"नळाचं पाणी देऊ नकोस तिला. थेंबही नको."

"आता सांगतोस?" बायकोचा आवाज रडवेला झाला होता. "नको नको म्हणत होती बिचारी. धरून बसवलं आणि आत्ताच चौथा पेला पाजला."

पलीकडे फोन सासूबाईंनी घेतला.

"जावईबापू, मी सकाळपासून घोटभरही प्यायले नाही हो. तुमचे दाणे घेऊन या लवकर, घसा कोरडा पडलाय."