एकशे ऐंशी बारचा फवारा

गाडीच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये! बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय. ब्रेक समजून हॉर्न दाबणारे, हॉर्न समजून वायपर लावणारे, रिव्हर्स घेताना डोळे मिटणारे, असे हजारो लोक मी रस्त्याला लावलेत. तेव्हा गाडी धुवायचं मशीन निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ, असं मी बुधवारी सकाळी जाहीर केलं.

"अगं, पण आधी थोडं वाचू या ना," आमचे हे म्हणाले.

आमच्या ह्यांना वाचायचा नाद आहे. कादंबऱ्या वगैरे नाही, माहितीपुस्तिका! घरात मिक्सर आला तर पुस्तिका संपेपर्यंत चटणीचं नाव काढायचं नाही. छत्री घेतली तर तिच्यासोबत काही कागद मिळतो का, हे दुकानदाराला विचारतील. आणि इतकं वाचून हा माणूस गाडी चालवायला काही शिकला नाही. माझ्याकडे सात तास आले, सातही तास इंजिन बंद ठेवून प्रश्न विचारले.

पण माझ्याकडे वाचायला वेळ नव्हता. गुरुवारी दुपारी तीन वाजता एका कंपनीचे साहेब पाहणीला येणार होते. त्यांच्या चाळीस कर्मचाऱ्यांना गाडी शिकवायचं काम कुणाला द्यायचं, ते त्यांना ठरवायचं होतं. शहरात ड्रायव्हिंग स्कूल सहा. त्यातली पाच माझ्यापेक्षा मोठी. आणि माझी एकुलती एक गाडी चिखलाच्या गोळ्यासारखी दिसत होती, कारण मी जिथे शिकवते त्या मैदानात पाण्याची पाइपलाइन टाकायचं काम चाललं होतं. बादली आणि फडक्यानं तिला नुसता हात लावला, तर चिखल जागा बदलत होता, जात नव्हता.

म्हणून संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंना दुकानातलं काही लागत नव्हतं, पण आम्ही दोघं मिळून काही विकत घेतो तेव्हा करमणूक चांगली होते, असं त्यांचं म्हणणं.

दुकानदार सज्जन माणूस. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, बार किती हवा?"

"आमच्या घरात कुणी घेत नाही हो!" सासूबाई कडाडल्या.

"आजी, बार म्हणजे पाण्याचा दाब," दुकानदार घाईघाईनं म्हणाला. त्यानं तीन मशीन्स पुढे मांडली. पहिलं बॅटरीवरचं, हातात मावणारं, पिस्तुलासारखं. बादलीत नळी सोडायची की झालं. "मोटरसायकल, सायकल, खिडक्यांसाठी छान." दुसरं मधलं, शंभर बारचं, विजेवर चालणारं, एका हातानं उचलता येईल असं. "गाडी, अंगणातली फरशी, बागेतल्या खुर्च्या, सगळ्याला हे पुष्कळ झालं. आठ मीटरची नळी आहे. फेस मारायची बाटली वेगळी मिळते."

"हे बरोबर आहे," आमचे हे लगेच म्हणाले. त्यांनी तेवढ्यात पुस्तिका उघडलीसुद्धा होती.

पण माझं लक्ष तिसऱ्याकडे गेलं होतं. कोपऱ्यात, लाल रंगाचं, पोटफुगं, चाकांवर उभं.

"ते?"

"ते एकशे ऐंशी बारचं. कारखान्यातल्या यंत्रांवरचं ग्रीस काढायला नेतात लोक."

"म्हणजे चिखल काढेल?"

"चिखल काढेल ताई. त्याच्याखाली काय राहील, ते मी सांगू शकत नाही."

"हेच द्या!"

"अगं, आपल्याला पोर्टेबल हवंय ना?" हे म्हणाले.

"चाकं आहेत की त्याला! आणखी किती पोर्टेबल हवं?"

ते पोर्टेबल मशीन आमच्या गाडीत चढवायला दुकानातली तीन माणसं लागली. सासूबाई घरी येईपर्यंत त्याच्याकडे पाहून हसत होत्या.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी मशीन फाटकाजवळ उभं केलं. नळ जोडला, वायर जोडली. हे पायरीवर पुस्तिका घेऊन बसले. सासूबाईंनी गॅलरीत खुर्ची टाकली.

"पायरी पहिली," ह्यांनी वाचायला सुरुवात केली. "यंत्राची ओळख करून घ्या."

"झाली ओळख!"

"पायरी दुसरी. यंत्रासोबत चार तोट्या आहेत. पांढरी, हिरवी, पिवळी आणि लाल. पांढऱ्या तोटीतून पाणी पंख्यासारखं पसरून..."

मी सगळ्यात जोरदार धारेची लाल तोटी बसवली. लाल म्हणजे थांबायचं हे मी बावीस वर्षं लोकांना घसा फोडून सांगतेय, पण हे रस्त्यावर. अंगणात मला कोण थांबवणार? बटण दाबलं, नळीच्या मुठीवरचा घोडा ओढला, आणि त्या नळीनं मला अशी दोन पावलं मागे ढकललं की जणू तिलाच माझ्याकडे शिकायला यायचं नव्हतं!

पण चिखल काय पळाला म्हणून सांगू! चाकांवरून, बंपरवरून, नंबरप्लेटवरून. खालून माझी पांढरीशुभ्र गाडी निघत होती. मी हसत सुटले. उजवी बाजू झाली, टप झाला, मागची काच झाली. सगळीकडे तुषारच तुषार, माझ्या चष्म्यावर तर पाऊस कोसळत होता. मी तो काढून खिशात टाकला आणि डाव्या बाजूला भिडले.

डाव्या बाजूला पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'विनाअपघात बावीस वर्षं'. माझा सगळा अभिमान त्या दोन दारांवर चिकटवलेला होता.

"पायरी पाचवी," हे मागून वाचत होते. पाण्याच्या आवाजात मला 'पाचवी' एवढंच ऐकू आलं. मी तेव्हा नवव्या पायरीवर तरी असेन!

तेवढ्यात फाटकात दातांचे डॉक्टर येऊन उभे राहिले. माझे विद्यार्थी. सोमवारी त्यांची परीक्षा होती, म्हणून मी त्यांचा बाराचा तास चुकवणार नव्हते. डॉक्टर वयानं पन्नाशीचे, दिवसभर लोकांच्या जबड्यात हात घालतात, पण स्टिअरिंगला असे धरतात, जसे त्यांचे पेशंट खुर्चीला धरत असतील. मी मशीन बंद केलं, ओल्या हातानंच दार उघडलं आणि आत बसले. रोज शंभरदा उघडतो ते दार. त्याच्याकडे कोण बघतं? आपण कडी बघतो.

"अगं! अगं थांब!" गाडी निघताच हे पुस्तिका हलवत मागून धावत आले. अंगात उत्साह संचारला की माणूस असा धावतो. मीही आरशात बघून मनापासून हात हलवला.

चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि रस्त्याकडे पाहिलं, तर लोक आमच्याकडे बघत होते. धुतलेल्या गाडीचा परिणाम! फुटपाथवरचा एक गृहस्थ पुढे आला, आमच्या गाडीच्या दाराकडे त्याची नजर गेली आणि तो झटकन मागे, थेट चपलांच्या दुकानात शिरला. एका बाईनं आपल्या दोन्ही मुलांना उचलून घेतलं. एक मूल चांगलं दहा वर्षांचं होतं!

"मॅडम, माझं काही चुकतंय का?" डॉक्टरांनी स्टिअरिंग आणखी घट्ट धरून विचारलं.

"काही चुकत नाहीये. आणि अजिबात दुखणार नाही," मी त्यांना त्यांच्याच भाषेत धीर दिला.

सिग्नलला ट्रॅफिक पोलीस उभा होता. तो गाडीच्या डाव्या बाजूला आला, दारापाशी वाकला, मग माझ्या खिडकीत वाकला.

"बाई, हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय की कबुली दिलीय?"

"अर्थातच अभिमानानं! या शहरात दुसरं कुणी असं लिहून दाखवावं!"

"ते खरंय," पोलीस विचारात पडून म्हणाला. "दुसरं कुणी लिहिणार नाही. जरा खाली उतरून वाचा."

मी उतरले. वाचलं. 'विना' गेलं होतं! निळी अक्षरं ठळकपणे साऱ्या शहराला सांगत होती, 'अपघात बावीस वर्षं'!

डॉक्टरही माझ्या मागोमाग उतरले. त्यांनी वाचलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "मॅडम, आज तुम्हीच चालवा. मी मागे बसतो. मधोमध."

घरी पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. फाटकातच हे उभे. "पायरी पाचवी," ते अजिबात न रागावता म्हणाले, "'स्टिकर, रंग उडालेले भाग आणि सजीव प्राणी यांच्यावर फवारा मारू नये.' मी तेच सांगायला धावलो होतो."

सासूबाईंनी खाली येऊन एक बशी पुढे केली. तिच्यात एक चुरगळलेला 'वि' आणि एक फाटका 'ना' होता. "कुंपणाला चिकटले होते गं. सोडवून आणले."

डॉक्टर वाकून बघू लागले. "दुधात ठेवायला हवे होते," ते गंभीरपणे म्हणाले.

"काय?"

"पडलेला दात दुधात ठेवून आणला, तर पुन्हा बसवता येतो. सवयीनं बोललो."

तरी त्यांनी प्रयत्न केला. बाही दुमडून, जीभ दाताखाली धरून त्यांनी ती अक्षरं इतक्या नाजूक हातानं दारावर बसवली, की मला त्यांच्या पेशंटांचा हेवा वाटला. 'वि' पडला. मग 'ना' पडला. स्टिकरवाल्याला फोन लावला, तर तो दुसऱ्या गावाला गेला होता.

दोन वाजून वीस मिनिटं!

"ठीक आहे," मी म्हणाले. "मग काहीच नको! सगळंच उडवते. कोरी पांढरी गाडी. साधी, स्वच्छ, सोज्वळ!"

"अगं, निदान हिरवी तोटी तरी..."

"लालच!"

'वर्षं' एका फटक्यात गेलं. 'बावीस' दुसऱ्या फटक्यात. आता राहिला 'अपघात'. मी नेम धरला. घोडा ओढला. काही नाही! जवळ गेले. काही नाही! 'अपघात' दारावर असा बसला होता, जसा तो गाडीबरोबर कारखान्यातूनच आला असावा.

मग मला आठवलं. मागच्या वर्षी तेवढाच शब्द सुटायला आला होता, म्हणून स्टिकरवाल्यानं तो जाड प्लास्टिकचा नवा करून, कसला तरी खास गोंद लावून बसवला होता. "ताई, एक वेळ गाडी जाईल, पण हा अपघात जाणार नाही," असं वर म्हणालाही होता.

पण मी हटणारी नव्हे! चाळीस माणसांचं काम होतं. मी ओढणी कमरेला बांधली, पाय रोवले आणि वीतभर अंतरावरून फवारा मारला. उजवीकडून मारला, डावीकडून मारला, खाली बसून मारला. दाराचा आरसा वाकडा झाला. 'अ'च्या बाजूचा पांढरा रंग निघून आतला राखाडी दिसू लागला. राखाडीवर तर निळा 'अपघात' आणखीनच खुलला! सासूबाई पुन्हा गॅलरीत जाऊन बसल्या होत्या आणि वरून ओरडत होत्या, "सूनबाई, 'घा' हलला बघ! नाही, नाही, पाणी होतं!" डॉक्टर "कीड खोलवर गेलीय" असं काहीतरी पुटपुटत होते. आणि मी दात ओठ खाऊन घोडा दाबून उभी होते.

अचानक मशीन बंद पडलं. ह्यांनी प्लग काढला होता.

"पायरी अकरावी," हे हळूच म्हणाले. "'काम होत नसल्यास यंत्र बंद करावे आणि विचार करावा.'"

असं त्या पुस्तिकेत नव्हतं, हे मी नंतर तपासलं. पण त्या क्षणी मी ह्यांच्याकडून प्लग घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला.

"मॅडम, आता आत येऊ का?"

फाटकाबाहेर साहेब उभे होते. हातात फाइल. बूट कोरडे, म्हणजे बेतानं लांब उभे राहिलेले. मी झटकन वळले आणि दोन्ही हात पसरून दारासमोर उभी राहिले. माझ्या एका बाजूनं 'अ' डोकावत होता आणि दुसऱ्या बाजूनं 'त'.

"साहेब, तुम्ही... आत्ताच आलात ना?"

"वीस मिनिटं झाली."

"गाडीचं म्हणाल तर..."

"गाडी बघायला मी आलोच नव्हतो," साहेब म्हणाले. "गाड्या आमच्या कंपनीच्याच आहेत. आम्हाला फक्त शिकवणारं माणूस हवंय. ते कसं आहे, एवढंच बघायचं होतं."

माझ्या हातातली नळी खाली पडली. एका धुतलेल्या गाडीसाठी मी दाराचा रंग, आरसा, बावीस वर्षं, सगळं घालवलं होतं आणि गाडी कुणाला बघायचीच नव्हती!

"मग कसं वाटलं माणूस?" मी मान खाली घालून विचारलं.

"जिद्द फार आहे," साहेब म्हणाले. "एवढी जिद्द मी पाहिली नव्हती. पण मॅडम, आमच्या लोकांना वेग येतो. त्यांना ब्रेक लावायला शिकवायचंय. ते तुम्हाला जमेल का, याची मला गेली वीस मिनिटं शंका येतेय."

मी खाली पडलेली नळी उचलली आणि गुंडाळायला लागले.

साहेबांनी ह्यांच्याकडे बोट केलं. "ज्यांनी प्लग काढला ते कोण?"

"मी हिचा नवरा. मला गाडी येत नाही हो," हे घाबरून म्हणाले. "मी फक्त सूचना वाचतो."

"छान. मग असं करू. सोमवारपासून पाच जण पाठवतो. मॅडम शिकवतील, आणि तुम्ही मागच्या सीटवर बसायचं. जमलं तर पुढच्या पस्तीस जणांचं बघू."

साहेब जाताना मशीनपाशी थांबले, वाकले आणि ह्यांना म्हणाले, "आमच्या बंगल्याची गाडी आणि अंगण धुवायला कुठलं घ्यावं?"

"शंभर बारचं," हे म्हणाले. "पांढरी तोटी, दोन हात अंतर."

शुक्रवारी दुकानदारानं आमचं मशीन परत घेऊन ते मधलं दिलं. डॉक्टर सोमवारी परीक्षा पास झाले. आणि आमच्या ह्यांनी कंपनीच्या गाडीची पुस्तिका मागवून घेतली, दोनशे चाळीस पानांची! मागच्या सीटवर बसून ते रोज शांतपणे वाचतात, "आता आरशात बघा. आता ब्रेक लावा." मी पुढे बसून घसा फोडते.

पाचही जण पहिल्या फटक्यात पास झाले. उरलेले पस्तीसही मिळाले. फक्त परवा त्यांच्यातल्या एकानं सगळ्यांच्या वतीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, तुम्ही शिकवता छानच. पण आमची जरा विनंती होती, पुढच्या वेळी सर एकटे आले तर चालेल का?"